बडोद्याहून ओहायोला: एका दत्तकविधानातले अकरा आठवडे

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी देत नाही. मुलीला छोटी म्हणेन, कारण ती जिथे वाढली त्या संस्थेत तिला सांभाळणाऱ्या मासी (गुजरातीत मावशी) तिला तशीच हाक मारत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, कायद्याच्या पायऱ्या आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी होती.

जोडपं मराठी. तो बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला, ती इंदूरची. पंधरा वर्षांपासून दोघं अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतात. तो अमेरिकेचा नागरिक झालेला, ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते कार्ड असलेला. तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट. तो ४३ वर्षांचा, ती ४०. सहा वर्षं उपचार झाले, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका संध्याकाळी तीच म्हणाली, आता डॉक्टर पुरे. त्याचे आईवडील बडोद्यातच असतात. त्यांना आजी-आजोबा म्हणते.

मी बडोद्यात दत्तक कुटुंबांचं समुपदेशन करते. समाजकार्य शिकले तेही इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात. हे कुटुंब माझ्याकडे आलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेव्हा अर्ध्याहून जास्त कागद झालेले होते. त्यांना माझ्याकडून हवं होतं ते एवढंच, की मुलगी घरी आल्यावर काय करायचं ते सांगा. मला वाटलं, हे तर मला येतं.

आजींची या गोष्टीला पहिल्यापासून हरकत होती. मूल दत्तक घ्यायला नव्हती, 'बाहेरचं' मूल घ्यायला होती. त्यांच्या पुतण्याला दोन मुलगे, धाकटा दीड वर्षाचा. "घरातलंच घ्या की. देतीलसुद्धा." बडोद्याच्या मराठी घरांत या सल्ल्याला एक वजन आहे, कारण आपले सयाजीराव दत्तकच. १८७५ साली खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या गायकवाडांमधला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि त्याचा सयाजीराव झाला. आजींनी हे उदाहरण मला पहिल्याच भेटीत दोनदा दिलं. मी त्यांना म्हटलं, तेव्हा गादीला वारस हवा होता म्हणून भाऊबंदांतला मुलगा शोधला. तुमच्या पुतण्याच्या बाळाला आई आहे, बाप आहे, घर आहे. त्याला तिथून उचलून त्याचं कोणतं भलं होणार? आजी गप्प बसल्या. पटलं म्हणून गप्प बसल्या असं मला वाटलं नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता: एका लेकराला घरी न्यायला दोन देशांचे एवढे कागद कशाला?

याचं उत्तर १९८२ मधल्या एका पत्रात आहे. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, की भारतातली मुलं दत्तकाच्या नावाखाली परदेशी पाठवली जातात आणि त्यात गैरप्रकार होतात. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला आणि मूल परदेशी पाठवताना कोणी काय तपासायचं याची चौकट त्यात घालून दिली. पुढे परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार आला. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. त्या करारामुळे दोन्ही देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांनी एकमेकांना लेखी 'हो' म्हटल्याशिवाय मूल सीमा ओलांडत नाही. आपल्याकडे ही यंत्रणा म्हणजे कारा, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. आजींना मी सोप्या शब्दांत सांगितलं: पूर्वी मूल विकलं गेलं तर कुणाला पत्ता लागत नसे, म्हणून आता प्रत्येक दारावर माणूस बसवला आहे. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. उरलेल्या साडेतीनशेच्या आसपास मुलांसाठी ही सगळी दारं आहेत.

या जोडप्यापुरती दारं अशी होती. अमेरिकेत अधिकृत दत्तक एजन्सीमार्फत गृह अध्ययन अहवाल: घर, उत्पन्न, आरोग्य, लग्न, बोटांचे ठसे, सगळं. त्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा आय-८००ए अर्ज, म्हणजे परदेशातून मूल दत्तक घ्यायला हे पालक पात्र आहेत का ते ठरवणारा. नवरा-बायकोपैकी निदान एक जण अमेरिकेचा नागरिक असल्याशिवाय तो करताच येत नाही. तो नागरिक होता म्हणून वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये काराच्या केअरिंग्ज या ऑनलाइन प्रणालीवर नाव नोंदलं गेलं. ओसीआयधारक आणि अनिवासी भारतीय पालकांना रहिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरतात, म्हणजे रांग तीच, लांबच लांब. पण विशेष गरजा असलेलं मूल चालेल का, या रकान्यात दोघांनी विचार करून 'हो' लिहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये छोटीची माहिती आली.

काही दिवसांची असताना तिला रुग्णालयात सोडून कुणी निघून गेलं होतं. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले. असं सुमारे सातशे जन्मांत एका बाळाच्या बाबतीत होतं. त्यात कुणाचा दोष नसतो, ग्रहणाचा तर नाहीच. पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहिरात, आईवडिलांचा शोध, आणि मग बाल कल्याण समितीने तिला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवलं. ओठाची शस्त्रक्रिया वेळेत झाली. टाळूची मात्र अडीच वर्षांची झाल्यावर झाली. खरं तर ती नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हायला हवी, कारण मूल बोलायला लागतं ते त्या सुमाराला. टाळू उघडा असताना शिकलेले आवाज टाळू शिवल्यावर आपोआप सुधारत नाहीत. वैद्यकीय अहवालात यातलं काही नव्हतं. तिथे चार शब्द होते: शस्त्रक्रिया झाली, बोलणं अस्पष्ट.

त्यांनी स्वीकार कळवला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन वकिलातीचं, हेग कराराच्या कलम ५ चं पत्र आलं, म्हणजे हे मूल आमच्या देशात येऊ शकतं अशी हमी. एप्रिलमध्ये काराचं ना हरकत प्रमाणपत्र. ते मिळालं की दत्तकाचा आदेश होईपर्यंत मूल भारतातल्या भारतात पालकांकडे दत्तकपूर्व ताब्यात देता येतं. बरेच पालक ही सोय घेत नाहीत; आदेश आणि पासपोर्ट झाल्यावर येतात, आठ-दहा दिवसांत मूल घेऊन उडतात. या आईने नोकरीतून मोठी रजा काढली आणि बडोद्याला येऊन राहिली. बाबा दोन आठवडे होता, मग परत गेला आणि शेवटी पुन्हा आला. त्यामुळे आम्हाला अकरा आठवडे मिळाले. पुढे जे सावरलं ते या अकरा आठवड्यांमुळे. आणि जे बिघडलं तेही यांतल्या पहिल्या तीनांत.

१५ मे २०२३ ला छोटी घरी आली. सव्वाचार वर्षांची. आदल्या दिवशी मी संस्थेच्या अधीक्षिकांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, दुपारी बाकीची मुलं झोपलेली असताना तिला न्यायचं, म्हणजे रडारड होणार नाही. दोन, जी बाई तिला पहिल्या महिन्यापासून सांभाळत होती तिला त्या दिवशी दुसरी पाळी द्यायची, आणि पुढचा महिनाभर भेटू द्यायचं नाही. जुना धागा तुटला तर नवा लवकर जुळेल, असं मी समजत होते. मी हे आधीही अनेक कुटुंबांना सांगितलं होतं. संस्थेने ऐकलं, पालकांनी ऐकलं. छोटी झोपेतच बाबाच्या खांद्यावर रिक्षात बसली.

पहिले दहा दिवस सगळे खूश होते. काय शहाणी मुलगी! रडत नाही, हट्ट नाही, दिलं ते खाते, ठेवलं तिथे बसते. आजींनी तर मनातली अढी काढून टाकली आणि पहिल्या रविवारी बारसं घातलं. साठ माणसं. पाळणा नव्हता, पण नवं नाव कानात सांगितलं, पेढे वाटले, हातोहात मूल फिरलं. कुणा भाच्याने फोटो समाजमाध्यमांवर टाकले. ते मी त्याच रात्री काढायला लावले, कारण दत्तक आदेश होईपर्यंत ती कायद्याने संरक्षणातलं मूल आहे आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याच्या बाजूने मी जागी होते. मुलीच्या बाजूने झोपले होते. त्या साठ माणसांत तिने एकदाही कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, हे मी फोटोंतच पाहिलं आणि तरी मला ते लाजणं वाटलं.

घरातून अचानक तुटलेल्या लहान मुलांचं निरीक्षण लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी १९५० च्या दशकात केलं. मूल आधी विरोध करतं, मग निराश होतं, मग अलिप्त होतं, आणि अलिप्त झालेलं मूल बघणाऱ्याला 'रुळलं' असं वाटतं. हे मी विद्यापीठात शिकले, परीक्षेत लिहिलं. माझ्यासमोर बसलेल्या मुलीत मला ते दिसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती जेवेनाशी झाली. रात्री साडेसातला ताटं मांडली की ती टेबलाची कड घट्ट धरून म्हणायची, "मी–". पुढचं अक्षर घशातच अडकलेलं. आईला पहिल्यांदा आनंद झाला. तिला वाटलं, मुलगी मराठी शिकली, 'मी' म्हणते. मीसुद्धा, मला पण द्या, असं काहीतरी. ती तिला जास्त वाढायची. आजींना ऐकू आलं 'मीठ'. त्या म्हणाल्या, अगं संस्थेत चमचमीत खायची सवय असेल, आपलं वरण अळणी लागत असेल तिला. त्यांनी ताटात कडेला मीठ वाढायला सुरुवात केली. छोटी ते मीठ बोटाने ताटभर पसरायची आणि पुन्हा म्हणायची, "मी–". चौथ्या दिवशी ती टेबलाकडे आलीच नाही. पलंगाखाली जाऊन बसली. उशी झटकली तेव्हा आत पोळीचे वाळलेले तुकडे निघाले, आठवडाभराचे. एवढं मात्र मला कळलं: ती भुकेली आहे, तिला खायचं आहे, आणि काहीतरी तिला खाऊ देत नाही.

मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जंताचं औषध झालं, रक्त तपासलं, सगळं ठीक.

वाट आजींनी दाखवली. त्या मला फोनवर म्हणाल्या, "ताई, चार वर्षं ती बोलत होती ना कुणाशी तरी? तिचं बोलणं समजणारं एक तरी माणूस असेल. त्या बाईला विचारा की." मी माझा महिन्याचा नियम सांगितला. आजी म्हणाल्या, "नियम राहू दे. पोर उपाशी आहे."

रविवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, त्या बाई, म्हणजेच मासी, सिटी बसने आल्या. पन्नाशीच्या, बांधणीची साडी, हातात थेपल्यांचा डबा. छोटीने त्यांना पाहिलं आणि ती धावली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, तोंड फिरवून. मासींनी तिला बोलावलं नाही. त्या जमिनीवर बसल्या, डबा उघडला, आणि आजींशी गुजरातीत हवापाण्याचं बोलत राहिल्या. वीस मिनिटांनी मुलगी सरकत सरकत त्यांच्या डाव्या मांडीला येऊन चिकटली.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. छोटीने मासींचा पदर तोंडावर घेतला. "मी–"

मासी म्हणाल्या, "ए बीक कहे छे, बेन. मीठुं नहीं."

बीक. गुजरातीत भीती. संस्थेचं स्वयंपाकघर मुलांच्या खोल्यांपासून लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. कुकरची शिट्टी तिने जवळून कधी ऐकलीच नव्हती. आणि इथे, आजींच्या घरी, ती रोज जेवणाच्या आधी, टेबलापासून सहा फुटांवर. पोरगी रोज सांगत होती की मला भीती वाटते, आणि आम्ही रोज मीठ वाढत होतो.

आजी उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

'बीक'चं 'मी' का होतं, हे वाणी उपचारतज्ज्ञ बाईंनी नंतर समजावलं. प, ब, त, द, क, ग असे आवाज काढताना तोंडात हवा कोंडून सोडावी लागते. टाळू नीट बंद होत नसेल तर ती हवा नाकातून निसटते. मग 'ब'चा 'म' होतो, 'द'चा 'न' होतो. शब्दाच्या शेवटच्या 'क'साठी मूल घशातच झटका देतं आणि ऐकणाऱ्याला शब्द तुटल्यासारखा वाटतो. एकदा ही किल्ली मिळाली की कुलूप अवघड नाही. पण ती आमच्याकडे नव्हती. मासींना त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, तरी किल्ली त्यांच्याकडे होती.

त्या दुपारी आईने शंभर पानी वही काढली आणि चार रकाने पाडले: छोटी काय म्हणते, मासी काय सांगतात, मराठीत काय, आणि तेव्हा ती काय करत असते. माणी म्हणजे पाणी. मूख म्हणजे भूख. मस म्हणजे बस, पुरे; आणि आम्ही तो शब्द ऐकून आणखी वाढत होतो. मन्नी म्हणजे बत्ती. या मन्नीबद्दल आईने संस्थेत चौकशी केली होती, कारण रात्री दिवा मालवला की छोटी मन्नी-मन्नी म्हणायची आणि आईला वाटलं होतं की ती कुणा मैत्रिणीला बोलावते. दहा मुलं एका खोलीत, रात्रभर एक दिवा चालू, अशी तिची सवय. संध्याकाळपर्यंत ५७ शब्द झाले.

मासींनी आणखी एक सांगितलं, सहज, जाता जाता. हिच्याशी डाव्या बाजूने बोलायचं, उजवीकडून कमी ऐकते. वैद्यकीय अहवालात कानांचा उल्लेखच नव्हता. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मधल्या कानात अनेकदा पाणी साचतं, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूतच असतात. श्रवण तपासणी केली: दोन्ही कानांत पाणी, उजवीकडे ऐकणं बरंच कमी. ज्या मुलीला आपण आज्ञाधारक म्हणतो, ती अर्धं ऐकतच नाही, असंही असू शकतं. दत्तकाला निघालेल्या प्रत्येक पालकाला मी आता हे सांगते: टाळूचं मूल असेल तर कानांचा अहवाल मागा. अहवालात नाही याचा अर्थ कान चांगले असा घेऊ नका.

त्यानंतर मासी दर रविवारी आल्या. जाण्यायेण्याचं भाडं घ्यायला त्या तयार नव्हत्या. आजींनी साडीचोळी करून तो प्रश्न सोडवला. दुसऱ्या रविवारी त्या परत निघाल्या तेव्हा छोटी दाराशी लोळली. चाळीस मिनिटं रडली, ओरडली, आईला बुक्के मारले. आजोबा घाबरले, म्हणाले हे भेटणं बंदच करा, पोरीला त्रास होतो. मी पहिल्यांदा त्या घरात नीट काहीतरी बोलले. म्हटलं, हा त्रास १५ मेपासून तिच्यात आहे, आज तो बाहेर पडला. थांबवू नका. रडून दमल्यावर ती ज्या मांडीवर झोपली ती आईची होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

नावाचं पुढे काय झालं तेही सांगते. बारशात ठेवलेलं नवं नाव तिने कधीच ओळखलं नाही. संस्थेत ठेवलेलं नाव साधं, जुन्या वळणाचं. आईला ते आधी आवडलं नव्हतं. मासींनी सांगितलं, ते नाव त्यांनीच सुचवलेलं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं. आदेशासाठी कागद गेले तेव्हा तेच नाव कायम ठेवलं, पुढे बाबांचं नाव आणि आडनाव.

भाषेचा प्रश्न सोपा नव्हता. बाबाचं म्हणणं, दोन महिन्यांनी ती ओहायोत असणार, आतापासूनच इंग्रजी बोलू. तिथले उपचारतज्ज्ञ इंग्रजीच बोलणार, शाळा इंग्रजी. गुजराती, मराठी, इंग्रजी असा तिहेरी गोंधळ कशाला? हा विचार चुकीच्या जागेवरून आलेला नव्हता, त्याला मुलीचं बरंच हवं होतं. पण टाळूमुळे बिघडलेला आवाज एका भाषेत सुधारला की दुसरीतही त्याचा उपयोग होतो, आणि घरात दोन भाषा असल्याने असा दोष वाढत नाही. उलट परदेशी दत्तक गेलेली लहान मुलं जन्मभाषा काही महिन्यांत विसरतात, आणि नवी येईपर्यंत मधल्या काळात त्यांच्याकडे धड कुठलीच भाषा नसते. ज्या मुलीची भाषा आधीच एकाच माणसाला कळत होती, तिची तीही काढून घ्यायची?

इथे आजींनी पुन्हा सयाजीराव काढले. या वेळी वेगळ्या कारणाने. म्हणाल्या, कवळाण्याहून आला तेव्हा त्या पोराला अक्षर येत नव्हतं. इथे येऊन मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकला. शिकतात मुलं. "पण त्याच्याबरोबर त्याचे भाऊही आले होते हो राजवाड्यात. हिच्याबरोबर कोण आहे?" इतकी वर्षं सयाजीरावांची गोष्ट मी राजाची गोष्ट म्हणून ऐकत आले होते. आजींनी ती बारा वर्षांच्या मुलाची करून टाकली.

ठरलं ते असं: घरात मराठी, वहीतले गुजराती शब्द जसेच्या तसे ठेवायचे, मराठी शब्द त्यांच्या शेजारी बोलायचा, त्यांच्या जागी नाही. इंग्रजी तिकडे गेल्यावर येईलच. आणि कुकर गॅलरीत.

उरलेली कागदी पावलं भरभर सांगते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आदेश झाला. मग आईबाबांची नावं असलेला जन्मदाखला, मग भारतीय पासपोर्ट. दत्तक संस्थेसाठीचं ठरलेलं शुल्क पाच हजार डॉलर, पावतीसह. मध्ये कुणी ओळखीचे 'थेट नर्सिंग होममधून, झटपट' असं सुचवत होते. तसं मूल घेणं गुन्हा तर आहेच, शिवाय त्या कागदांवर अमेरिकेचा व्हिसाही मिळत नाही. जुलैच्या शेवटी दिल्ली. मी आग्रह धरला की विमानाने नको, रात्रीच्या राजधानीने जा. घर एका झटक्यात बदललं, गाव तरी पायरी-पायरीने बदलू दे. दिल्लीत काराचं कलम २३ चं प्रमाणपत्र, म्हणजे हे दत्तकविधान हेग करारानुसार झालं याचा दाखला. वैद्यकीय तपासणी, तिच्यात क्षयाची रक्तचाचणी, दोन ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीची. आणि आयएच-३ व्हिसा, दत्तकविधान परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांसाठीचा. या व्हिसावर अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवताच मूल तिथलं नागरिक होतं. २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याआधी हे आपोआप होत नसे. पालकांनी पुढचा अर्ज केला नाही म्हणून अमेरिकेत वाढलेली दत्तक माणसं मोठेपणी बिननागरिक निघाली आहेत. २७ फेब्रुवारी २००१ ला तो कायदा लागू झाला तेव्हा जे अठरा पूर्ण होते त्यांना त्याचा लाभ मिळालाच नाही. म्हणून कोलंबसला पोचल्यावर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने हातात येईपर्यंत पाठपुरावा करा, असं मी त्यांना बजावलं होतं. ते आलं.

बडोदा सोडण्याआधीचा शेवटचा रविवार. या वेळी निरोप झोपेत दिला नाही. छोटी आई-बाबांबरोबर संस्थेत गेली, सगळ्या मुलांना केळी वाटली, आपला पलंग आईला दाखवला. मासींनी तिला सांगितलं की तू विमानात बसून आईच्या घरी जाणार, मी इथेच असेन, फोनवर दिसेन. मुलीने विचारलं, "मी–?" मासी म्हणाल्या, हो, थोडी लागेल. मग जाईल.

२ ऑगस्टला ती गेली.

परदेशी दत्तकविधानात पहिली दोन वर्षं प्रगती अहवाल पाठवावे लागतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला. ते सहाही अहवाल मी वाचले आहेत. कानांत नळ्या बसवल्या, ऐकणं सुधारलं. दुसऱ्या वर्षी टाळूची आणखी एक शस्त्रक्रिया झाली. आता 'प' आणि 'ब' स्पष्ट येतात, 'क' अजून थकल्यावर घसरतो. पक्के सुळे येण्याआधी, आठ-दहा वर्षांच्या सुमाराला, हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया बाकी आहे. पोळी लपवणं दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत चालू होतं. आईने तिला उशीजवळ स्वतःचा एक डबा ठेवू दिला, तो कधी रिकामा राहू दिला नाही. गुजराती जवळजवळ गेली. मराठी आजींशी रोज अर्धा तास बोलते. मासींचा फोन आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा.

मला सलते ती दुसरीच गोष्ट. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांची माहिती मागता येते. कायद्याने तो मार्ग ठेवला आहे आणि त्यासाठी संस्थेने फाइल जपायची असते. छोटीची फाइल मी पाहिली. समितीचे आदेश, पोलिसांची नोंद, वर्तमानपत्राचं कात्रण, उंची-वजनाचे तक्ते, लसी, शस्त्रक्रियांचे कागद. सव्वाचार वर्षं तिला कुणी जेवू घातलं, कुणी तिचं बोलणं समजून घेतलं, याला फाइलमध्ये रकाना नाही. रुग्णालयात सोडून गेलेल्या आईचा शोध बहुधा लागणार नाही. पण मासी सापडण्यासारख्या आहेत, आणि त्याही कागदावर नाहीत.

वही ओहायोला गेली. तिची झेरॉक्स मी काढून ठेवली होती. आईच्या लेखी परवानगीने, पहिल्या पानावर मासींचं पूर्ण नाव आणि त्यांनी स्वतः केलेली सही घालून, ती मी अधीक्षिकांना दिली. त्या म्हणाल्या, अशा कागदासाठी आमच्याकडे अनुक्रमांक नाही. मग त्यांनी पेन घेतलं, वैद्यकीय अहवालाच्या मागे ती लावली, आणि अनुक्रमणिकेत खाली हाताने लिहिलं: मुलीचे शब्द, ५७.